कुंपणालगतचा कोरिया

३ डिसेंबर २०२४ च्या रात्री दक्षिण कोरियाचे अध्यक्ष यून सुक-योल यांनी अचानक मार्शल लॉ पुकारला आणि काही तासांतच संसदेनं तो हाणून पाडला. पुढचे चार महिने सोलच्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंचे मोर्चे निघत राहिले. यून यांच्या समर्थकांच्या मोर्चात कोरियाच्या झेंड्याबरोबर अमेरिकेचेही झेंडे फडकत होते. हे तसं जुनंच. २०१६-१७ मध्ये तेव्हाच्या अध्यक्ष पार्क ग्युन-हे यांच्यावर महाभियोग चालला, तेव्हापासून साठी-सत्तरीतली माणसं दोन्ही झेंडे घेऊन चौकात उभी राहतात. या वेळी त्यांच्या शेजारी विशी-तिशीतले तरुणही होते आणि त्यांच्या हातात ट्रम्प समर्थकांच्या घोषणेचे 'स्टॉप द स्टील' (मतांची चोरी थांबवा) असे इंग्रजी फलक होते. दुसऱ्या बाजूच्या सभांमध्ये त्याच वयाच्या मुली के-पॉपच्या मैफलीत हलवतात तसल्या रंगीत दिव्याच्या कांड्या हलवत यून यांना हटवा म्हणत होत्या.

या चित्रावरून बऱ्याच जणांनी निष्कर्ष काढला की कोरियन तरुण पुन्हा अमेरिकेकडे वळला. त्यामागे एक ठरलेली मांडणी आहे. आजोबा कृतज्ञ, कारण त्यांनी युद्ध पाहिलं. वडील संतापलेले, कारण त्यांनी हुकूमशाही पाहिली. नातू व्यवहारी, कारण त्यानं दोन्ही पाहिलं नाही. दक्षिण कोरियात आज सुमारे २८,५०० अमेरिकी सैनिक आहेत आणि त्यांच्याबद्दलची प्रत्येक पाहणी या तीन खणांत टाकून वाचली जाते. मला ही मांडणी अपुरी वाटते आणि घातकही वाटते. अपुरी, कारण यातल्या एकाही पिढीचं मन इतकं सरळ नाही. घातक, कारण या हिशेबात ज्यांच्या घराला लागून हे तळ उभे आहेत त्या माणसांना जागाच उरत नाही. माझ्या मते कोरियात परकीय फौजेबद्दल माणसाला काय वाटतं हे त्याच्या जन्मसालापेक्षा तो तळाच्या कुंपणापासून किती लांब राहतो यावर अधिक ठरतं. आणि पिढ्यांची चर्चा जितकी रंगते तितकं हे कुंपण नजरेआड होत जातं.

आधी त्या कृतज्ञ आजोबांकडे पाहू. २५ जून १९५० ला उत्तर कोरियाची फौज चालून आली आणि तीन दिवसांत सोल पडलं. तीन वर्षं चाललेल्या त्या युद्धात छत्तीस हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मेले. हे ऋण मानणारी माणसं खोटं बोलत नाहीत, आणि त्यांच्या भावनेला कुणी हसू नये. पण त्या पिढीचा नेता, देशाचा पहिला अध्यक्ष सिंगमन ऱ्ही फौजेकडे केवळ कृतज्ञतेनं पाहत होता का? जुलै १९५० मध्ये त्यांनी आपल्या संपूर्ण सैन्याची सूत्रं अमेरिकी सेनापती मॅकआर्थर यांच्या हाती दिली हे खरं. पण अमेरिका शस्त्रसंधी करून निघून जाणार असं दिसू लागताच याच ऱ्हींनी १८ जून १९५३ ला सुमारे सत्तावीस हजार उत्तर कोरियन युद्धकैदी परस्पर सोडून दिले आणि वाटाघाटी उधळण्याची वेळ आणली. वॉशिंग्टन संतापलं, आणि मग १ ऑक्टोबर १९५३ ला परस्पर संरक्षण करारावर सही झाली. आज ज्या कराराच्या आधारावर अमेरिकी फौज कोरियात आहे तो करार ऱ्हींनी असा नाक दाबून मिळवलेला आहे.

परकी सैनिक म्हणून कुणीही चालेल असंही त्या पिढीचं नव्हतं. हे आपल्याला ठाऊक असायला हवं, कारण त्यात आपली माणसं गुंतलेली होती. शस्त्रसंधीनंतर जे युद्धकैदी मायदेशी परतायला तयार नव्हते त्यांच्या देखरेखीचं काम भारताकडे आलं. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि पाच-सहा हजार भारतीय जवानांच्या तुकडीचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. ऱ्ही सरकारनं सांगून टाकलं की या भारतीयांचं पाऊल दक्षिण कोरियाच्या भूमीवर पडता कामा नये. म्हणून जवानांना इंचॉनच्या समुद्रात जहाजावरून उचलून हेलिकॉप्टरनं थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. तिथं त्यांनी आपली छावणी उभारली आणि तिला नाव दिलं हिंदनगर. हजारो बिथरलेले कैदी सांभाळणाऱ्या या तुकडीची आठवण कोरियात फारशी कुणी काढत नाही. कोणती परकी फौज मित्राची आणि कोणती नकोशी, हे त्या काळीही राजकारणच ठरवत होतं.

त्या पिढीच्या सामान्य माणसाच्या आठवणी तर आणखी गुंतागुंतीच्या आहेत. युद्धानंतर सोलच्या नामदेमुन बाजारात एक खिचडीवजा पातळ पदार्थ विकला जायचा. अमेरिकी छावणीच्या भोजनगृहातून टाकून दिलेलं उष्टं आणून ते मोठ्या कढईत उकळायचं आणि वाटीवाटीनं विकायचं. डुकराला घालायचं खाणं असंच त्याचं नाव होतं. वाटीत कधी मांसाचा तुकडा लागायचा, कधी सिगारेटचं थोटूक. ज्यांनी तो खाल्ला त्यांच्या मनात त्या फौजेबद्दल उपकाराची भावना आणि अपमानाची सल या दोन्ही गोष्टी एकाच घासाबरोबर उतरल्या. पुढे छावण्यांतून चोरवाटेनं बाहेर येणारं स्पॅम आणि सॉसेज किमचीबरोबर शिजवून त्याचं 'बुदे जिगे' झालं. आज उईजोंगबूला त्या पदार्थाची अख्खी गल्ली आहे, आणि विशीतली पोरं त्यावर चीजचा तुकडा आणि नूडल्स टाकून मिटक्या मारत खातात. त्यांनी तसं खाऊ नये असं माझं म्हणणं नाही. पण त्याच टेबलावर आजीनं जे गिळलं होतं ते नातवाच्या पाहणीतल्या उत्तरात उतरत नाही, आणि आजीच्या 'फौज हवी' या उत्तरातही उतरत नाही.

जुलै १९५० च्या अखेरीस नोगुन-री गावाजवळच्या रेल्वेपुलाखाली आसरा घेतलेल्या निर्वासितांवर अमेरिकी सैनिकांनी गोळ्या झाडल्या. वाचलेल्यांनी अनेक वर्षं अर्ज केले, पण कुणी दाद दिली नाही. १९९९ मध्ये असोसिएटेड प्रेसनं ते प्रकरण जगापुढे आणलं तेव्हा कुठे चौकशी झाली, आणि २००१ मध्ये क्लिंटन यांनी खेद व्यक्त केला. हे अर्जदार त्याच 'कृतज्ञ' पिढीतले होते. पुढे लष्करशहा पार्क चुंग-ही यांच्या राजवटीत अमेरिकी सैनिकाविरुद्ध तक्रार करणारा माणूस कम्युनिस्ट ठरण्याची भीती होती. तेव्हा त्या पिढीच्या एकमुखी पाठिंब्यात मनापासूनचा किती आणि तोंड बंद ठेवल्यामुळे दिसणारा किती, हे वेगळं करून पाहिल्याशिवाय तो पाठिंबा प्रमाण मानणं मला बरोबर वाटत नाही.

आता वडिलांची पिढी. साठच्या दशकात जन्मलेली, ऐंशीच्या दशकात कॉलेजात गेलेली. ही पिढी जन्मतः अमेरिकाविरोधी नव्हती. तिच्या शाळेत तर अमेरिका म्हणजे तारणहार असंच शिकवलं जात होतं. मे १९८० मध्ये ग्वांग्जू शहरानं चुन दू-ह्वान यांच्या लष्करी सत्तेविरुद्ध उठाव केला. वेढलेल्या शहरात बातमी पसरली की अमेरिकेची 'कोरल सी' ही विमानवाहू नौका येते आहे. लोकांना वाटलं, लोकशाहीवाला मित्र आपल्याला वाचवायला निघाला. नौका येत होती ती उत्तर कोरियानं संधी साधू नये म्हणून. २७ मेच्या पहाटे सैन्यानं शहर चिरडलं. त्या काळी कोरियन सैन्याचा मोठा भाग अमेरिकी जनरलच्या हाताखालच्या संयुक्त कमांडमध्ये होता. ग्वांग्जूवर चालून गेलेल्या काही तुकड्या त्या कमांडमधून मोकळ्या करायला अमेरिकेनं हरकत घेतली नव्हती. फेब्रुवारी १९८१ मध्ये तर रेगन यांनी चुन यांना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून सन्मान केला. १९८२ मध्ये बुसानच्या अमेरिकी सांस्कृतिक केंद्राला विद्यार्थ्यांनी आग लावली ती या विश्वासघाताच्या भावनेतून. त्या आगीत एक विद्यार्थी मेला, आणि त्याचं समर्थन करता येत नाही. पण राग कुठून आला हे समजून घ्यायचं तर त्या नौकेची वाट पाहणारं ग्वांग्जू डोळ्यांपुढे आणावं लागतं. ज्याच्याकडून अपेक्षाच नसते त्याच्यावर माणूस इतका रागावत नाही.

या पिढीचा राग रस्त्यावर सर्वांत मोठा दिसला तो २००२ मध्ये. विश्वचषक फुटबॉलच्या धामधुमीत, १३ जूनला, यांगजूजवळ एका अरुंद रस्त्यानं चालत निघालेल्या चौदा वर्षांच्या दोन शाळकरी मुली अमेरिकी चिलखती वाहनाखाली चिरडल्या. सैनिक कामावर होते, त्यामुळे अमेरिकी सैनिकांवर कुणाचा कायदा चालेल हे ठरवणाऱ्या, फौजेच्या दर्जाविषयीच्या करारानुसार खटला चालवण्याचा पहिला हक्क अमेरिकेचा. नोव्हेंबरमध्ये अमेरिकी लष्करी न्यायालयानं दोघांना निर्दोष सोडलं. लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले, आणि कोरियाच्या राजकारणात मेणबत्ती मोर्चाची प्रथा खऱ्या अर्थानं तिथून रुजली. त्या गर्दीतल्या बहुतेकांना फौज घालवायची नव्हती. त्यांची मागणी करार बदलण्याची होती: आमच्या मुली मेल्या तर खटला आमच्या न्यायालयात चालावा. डिसेंबरमध्ये त्याच लाटेवर रो मू-ह्युन अध्यक्ष म्हणून निवडून आले, आणि मग त्यांनीच इराकमध्ये सैन्य पाठवलं, अमेरिकेशी मुक्त व्यापाराचा करारही केला. 'अमेरिकाविरोधी पिढी' या शिक्क्यात हे सगळं मावत नाही.

आणखी एक साधी गोष्ट या चर्चेत विसरली जाते. माणसं म्हातारी होतात. ग्वांग्जूच्या वेळी विशीत असलेली पिढी आज साठीत शिरली आहे. 'साठीच्या वरचे लोक फौजेच्या बाजूचे' हे वाक्य पाहण्यांमध्ये वर्षानुवर्षं तसंच छापलं जातं, पण त्या रकान्यातली माणसं बदलत चालली आहेत. युद्ध आठवणारा माणूस आता ऐंशीच्या पुढे आहे. चौकात अमेरिकी झेंडा घेऊन उभ्या असलेल्या सत्तरीच्या माणसानं युद्ध पाहिलेलं नाही. त्यानं पाहिली ती साठच्या दशकातली साम्यवादविरोधी शाळा.

तिसरी पिढी मला सगळ्यांत जास्त विचारात पाडते. या मुलांच्या आठवणीतला शत्रू वेगळा आहे. मार्च २०१० मध्ये 'चॉनान' ही युद्धनौका बुडाली आणि ४६ नौसैनिक गेले. त्याच नोव्हेंबरात योनप्योंग बेटावर उत्तर कोरियानं तोफा डागल्या. त्या वर्षी शाळेत असलेली मुलं पुढे अठरा-वीस महिन्यांच्या सक्तीच्या लष्करी सेवेत गेली. त्यांच्या वडिलांना उत्तरेकडचा माणूस दुरावलेला भाऊ वाटायचा. यांना तसं वाटत नाही. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये महिलांच्या आइस हॉकीत दोन्ही कोरियांचा एकत्र संघ करायचं ठरलं, तेव्हा ऐक्याच्या आनंदापेक्षा 'आमच्या मुलींची मेहनत वाया घालवली' हा या पिढीचा सूर मोठा होता. त्यात चीनची भर पडली. 'थाड' ही अमेरिकी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवल्याबद्दल २०१७ मध्ये चीननं कोरियाला आर्थिक झळ दिली: पर्यटकांचे गट थांबवले, कोरियन कलाकारांचे कार्यक्रम बंद पाडले, आणि ज्या लोत्ते कंपनीनं यंत्रणेसाठी जमीन दिली तिची चीनमधली दुकानं एकामागून एक बंद झाली. वीस वर्षांच्या मुलाला तेव्हा दिसलं ते एवढंच की दम देणारा शेजारी अमेरिका नव्हे, चीन आहे.

म्हणून ही पिढी फौजेला मान्यता देते. पण ही मान्यता कोणत्या जातीची आहे ते जवळून पाहायला हवं. अमेरिकी तुकड्यांबरोबर काम करणारे कोरियन सैनिक असतात, त्यांना कातुसा म्हणतात. ही व्यवस्था १९५० च्या युद्धात सुरू झाली. आज सक्तीची सेवा कातुसा म्हणून करता यावी यासाठी मुलं टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ७८० च्या वर गुण मिळवतात आणि मग सोडतीत नाव लागतं का याची वाट पाहतात. आयुष्यात अर्ज एकदाच करता येतो. राहायला बरी खोली, सुटीच्या दिवशी मोकळीक, इंग्रजीचा सराव, नोकरीच्या अर्जात लिहायला एक ओळ, या सगळ्यासाठी ही धडपड असते. या मुलाला अमेरिकेचं प्रेम आहे का असं विचारलं तर त्याला प्रश्नच विचित्र वाटेल. त्याच्या दृष्टीनं ती एक चांगली जागा आहे. यात मला काही वाईट दिसत नाही. सक्तीनं घेतलेले दीड वर्ष माणूस जमेल तितकं कारणी लावणारच.

अशी मान्यता हिशेबावर उभी असते, आणि हिशेब बदलला की ती बदलते. शिकागो कौन्सिल या अमेरिकी अभ्याससंस्थेनं २०२२ च्या सुरुवातीला प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ७१ टक्के कोरियन म्हणाले की देशानं स्वतःचा अण्वस्त्रसाठा उभारावा. अमेरिकी छत्रावर ज्याचा निःशंक भरवसा आहे असा समाज असं उत्तर देत नाही. फौज राहू दे आणि बॉम्बही आपला असू दे, असं म्हणणाऱ्या माणसानं त्या फौजेवर किती भिस्त ठेवायची हे मनाशी मोजून ठेवलेलं असतं.

पिढ्यांचं चित्र असं प्रत्येक ठिकाणी उसवतं. आता कुंपणाकडे येऊ, कारण माझं खरं म्हणणं तिथं आहे.

प्योंगटेकजवळचा कॅम्प हम्फ्रीज हा अमेरिकेचा परदेशातला सर्वांत मोठा लष्करी तळ. त्याच्या विस्ताराला सुमारे १,०८० कोटी डॉलर लागले आणि त्यातले ९० टक्के कोरियानं भरले. या विस्तारासाठी जी गावं उठवली त्यांत दैचुरी होतं. तिथल्या शेतकऱ्यांना आधी जपानी सैन्यानं उठवलं, मग १९५२ मध्ये अमेरिकी तळासाठी पुन्हा उठवलं. त्यांनी खाजणात बांध घालून, खारं पाणी हटवून भाताची शेतं तयार केली. खाजण म्हणजे काय हे आपल्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. खाऱ्या मातीतून भात काढायला किती पावसाळे जावे लागतात ते तो जाणतो. साठी-सत्तरीतल्या या शेतकऱ्यांना तिसऱ्यांदा जायला सांगितलं गेलं, आणि सांगणारं सरकार होतं मेणबत्ती मोर्चाच्या लाटेवर आलेल्या रो यांचं. गावकरी नऊशेहून अधिक संध्याकाळी मेणबत्त्या लावून बसले. ४ मे २००६ ला हजारो पोलीस आले, त्यांच्याबरोबर सैनिकही आले. गावानं वर्गणी काढून उभी केलेली शाळा त्याच दिवशी पाडली गेली आणि शेतांभोवती काटेरी तारा पडल्या. २००७ मध्ये शेवटची कुटुंबं निघून गेली. वयानं ती 'कृतज्ञ' पिढी होती, आणि त्यांना उठवणारे वयानं 'संतापलेली' पिढी होते.

सोंगजूचंही तेच. उत्तर ग्योंगसांगमधला हा तालुका पिवळ्याधमक गोड खरबुजांसाठी प्रसिद्ध. मतं नेहमी पुराणमतवादी पक्षाला, २०१२ मध्ये पार्क ग्युन-हे यांना तर ८० टक्क्यांहून जास्त. जुलै २०१६ मध्ये 'थाड' यंत्रणा याच तालुक्यात येणार असं जाहीर झालं. समजूत काढायला आलेल्या पंतप्रधानांवर लोकांनी अंडी आणि पाण्याच्या बाटल्या फेकल्या आणि त्यांची गाडी कित्येक तास अडवून धरली. १५ ऑगस्टला नऊशेहून जास्त माणसांनी निषेध म्हणून मुंडण केलं. मग जागा थोडी सरकली, लोत्तेच्या गोल्फ मैदानावर गेली, आणि सोसोंग-री या छोट्याशा गावातल्या आज्या ट्रक अडवायला रस्त्यावर बसू लागल्या. या आज्यांनी उभ्या आयुष्यात डाव्या पक्षाला मत दिलं नसेल. देशाचं संरक्षण आणि अमेरिकेची मैत्री त्यांना हवीच होती. आपल्याला एका शब्दानं न विचारता हे आपल्या डोंगरावर का आणलं, हा त्यांचा प्रश्न होता. सोलमध्ये काही जण त्याला अमेरिकाविरोध म्हणाले आणि काही जण मागासपणा. दोन्ही शेरे मला अन्यायाचे वाटतात.

दोंगदुचॉनची गोष्ट उलट्या बाजूनं जाते. या शहराची सुमारे ४० टक्के जमीन कित्येक दशकं अमेरिकी छावण्यांखाली होती. फौज दक्षिणेकडे प्योंगटेकला जाणार म्हणून दुकानदार हवालदिल झाले, कारण त्यांचं गिऱ्हाईक तेच. २०१४ मध्ये एक तोफखाना ब्रिगेड तिथंच ठेवायचं ठरलं, तेव्हा तेच शहर चिडून उठलं, कारण जमीन परत मिळेल आणि तिथं काही उभं राहील या आशेवर ते बसलं होतं. गेली तरी नुकसान, राहिली तरी नुकसान. अशा शहराला 'तुम्ही फौजेच्या बाजूचे की विरोधातले' असं विचारून काय कळणार?

आणि त्याच शहरात सोयोसान डोंगराच्या पायथ्याशी एक रिकामी इमारत आहे. छावण्यांभोवतीच्या वस्त्यांत सैनिकांसाठी वेश्याव्यवसाय करणाऱ्या बायकांना गुप्तरोगाच्या संशयावरून पकडून तिथं कोंडलं जायचं आणि पेनिसिलिन टोचलं जायचं. हे करत होतं कोरियन सरकार. १९७१ मध्ये निक्सन यांनी एक अख्खी डिव्हिजन काढून घेतली. उरलेली फौजही जाईल या धास्तीनं पार्क चुंग-ही सरकारनं छावणी-वस्त्यांची 'स्वच्छता मोहीम' काढली. अधिकारी त्या बायकांपुढे भाषणं करून सांगत की तुम्ही डॉलर कमावणाऱ्या देशभक्त आहात. २०१४ मध्ये अशा १२२ स्त्रियांनी स्वतःच्याच सरकारवर दावा लावला. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की सरकारनं हा व्यवसाय उभा करायला आणि चालवायला हात दिला. भरपाई मिळाली ३० ते ७० लाख वॉन, म्हणजे आपल्याकडचे दोन ते चार-साडेचार लाख रुपये. तोवर दावा लावणाऱ्यांपैकी काही जणी गेल्या होत्या. अलीकडे शहर प्रशासनाला ती इमारत पाडून पर्यटनाचा विकास करायचा आहे आणि काही कार्यकर्ते ती वाचवण्यासाठी ठाण मांडून बसले. या स्त्रियांचं वय काढलं तर त्या आजच्या झेंडेवाल्यांच्याच वयाच्या. त्यांना कुठल्या पिढीत घालायचं?

कुंपणापासून लांब राहणाऱ्याला फौज म्हणजे एक विमा वाटतो, कारण हप्ता त्याच्या खिशातून जाताना दिसत नाही. सोलमध्ये तो पूर्वी थोडाफार दिसायचा. शहराच्या मधोमध असलेलं योंगसान आधी जपानी सैन्याचं ठाणं होतं आणि १९४५ नंतर अमेरिकी. २०१८ मध्ये मुख्यालय प्योंगटेकला गेलं आणि सोलकरांच्या डोळ्यांपुढून फौज उठली. अमेरिकी अधिकाऱ्यांच्या लाल विटांच्या घरांचा एक भाग २०२० पासून लोकांना खुला आहे. तरुण जोडपी तिथं नटूनथटून फोटो काढायला जातात, कारण ती गल्ली अमेरिकेतल्या उपनगरासारखी दिसते. त्याच योंगसानच्या कडेला नोक्साप्योंग मेट्रो स्टेशनच्या भूजलात २००१ मध्ये तेल सापडलं, आणि सोल महापालिका तेव्हापासून ते पाणी उपसते आहे. खर्च वसूल करायला महापालिका दावा लावते तो आपल्याच केंद्र सरकारवर, कारण फौजेच्या दर्जाविषयीच्या करारानं अमेरिकी फौजेला न्यायालयात खेचता येत नाही. एक रस्ता ओलांडला की एकीकडे फोटो आणि एकीकडे पंप. माझी तक्रार फोटो काढणाऱ्यांबद्दल नाही. पंप का चालू आहे हे त्यांना शाळेत, बातम्यांत, निवडणुकीत कुणी सांगत नाही, याबद्दल आहे.

यावर नेहमीचा आक्षेप मला माहीत आहे. उत्तर कोरियाकडे अण्वस्त्रं आहेत, सोल सीमेपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे, अशा वेळी जमीन आणि भूजल यांचा विचार करणं ही चैन आहे. हा आक्षेप मी हलका मानत नाही. फौज उद्या जावी असं मी म्हणतही नाही. पण जर्मनीचं उदाहरण घ्या. शीतयुद्धात सोव्हिएत रणगाडे त्यांच्याही दारात होते. देश एक झाल्यावर त्यांनी १९९३ मध्ये परकीय फौजांबरोबरचा पूरक करार बदलून घेतला आणि तळांच्या कामकाजाला जर्मन कायदा, पर्यावरणाचे नियमसुद्धा, बऱ्याच अंशी लागू करून घेतले. फौजा राहिल्या, मैत्रीही राहिली. कोरियाचा फौजेच्या दर्जाविषयीचा करार १९६६ चा. तो १९९१ आणि २००१ मध्ये डागडुजी होऊन तसाच चालू आहे, आणि परत मिळालेल्या तळांच्या सफाईचा खर्च बहुतेक वेळा कोरियन करदात्यावर पडतो. युद्धकाळात कोरियन सैन्याची कमान आजही अमेरिकी जनरलकडे जाते. ती २०१२ मध्ये परत यायची होती, मग २०१५, मग 'परिस्थिती अनुकूल झाल्यावर'. प्रत्येक मुदतवाढ सोलनंच मागून घेतली.

अटी बदलून मागायला लागणारं बळ या तिसऱ्या पिढीकडेच आहे असं मला वाटतं. आजोबांना उपकाराखाली बोलता येत नव्हतं. वडील बोलले तेव्हा त्यांच्यावर डावे असल्याचा शिक्का बसला आणि मुद्दा बाजूला पडला. विशीतल्या मुलावर दोन्ही ओझी नाहीत. तो फौज मान्य करतो म्हणूनच त्यानं कराराचं कलम काढून विचारलं तर त्याला कुणी उत्तरेचा हस्तक म्हणू शकणार नाही. ही जागा फार मोलाची आहे आणि ती वाया जाते आहे. त्याच्या हिशेबात चीन, उत्तर कोरिया, नोकरी हे सगळं आहे, पण दैचुरी नाही आणि सोयोसानची ती इमारत नाही. कोरियन सैनिक व्हिएतनाममध्ये परकी फौज म्हणून गेले, तिथं त्यांनी केलेल्या हत्याकांडातून वाचलेल्या एका व्हिएतनामी स्त्रीला २०२३ मध्ये सोलच्या न्यायालयानं भरपाई मंजूर केली. परक्या बंदुकीखाली राहिलेल्या माणसाला कुंपणाच्या आतल्या देशानं उत्तर दिलं पाहिजे हे तत्त्व कोरियन न्यायालयानं स्वतःच्या सैन्याला लावून दाखवलं आहे. तेच तत्त्व उलट दिशेनं मागण्यात संकोच कसला?

वेळ फार नाही. ट्रम्प यांनी २०१९ मध्ये फौजेच्या खर्चापोटी वर्षाला ५०० कोटी डॉलर मागितले. २०२० मध्ये करार अडला तेव्हा तळांवर काम करणाऱ्या सुमारे चार हजार कोरियन कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसवलं गेलं, आणि तीही कुंपणालगतचीच माणसं होती. २०२४ मध्ये ट्रम्प यांनी कोरियाला 'पैशाचं यंत्र' म्हटलं आणि आकडा १,००० कोटींवर नेला. आधीच झालेल्या करारानुसार २०२६ साठी कोरिया १.५२ लाख कोटी वॉन भरणार आहे. ४ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ह्युंदाई आणि एलजी यांच्या बॅटरी कारखान्यावर छापा पडला. कोरियानं अमेरिकेला ३५,००० कोटी डॉलरच्या गुंतवणुकीचं वचन देऊन महिना-दीड महिना झाला होता, आणि तीनशेहून जास्त कोरियन कामगार ताब्यात गेले. त्यांच्या हातापायांत आणि कंबरेला साखळ्या घातल्याची दृश्यं अमेरिकी यंत्रणेनंच प्रसिद्ध केली. ती कोरियात प्रत्येक फोनवर पाहिली गेली, कातुसाच्या सोडतीची वाट पाहणाऱ्या मुलाच्या फोनवरही. माणूस विशीत जे पाहतो त्यावर त्याचं देशांबद्दलचं मत बनतं हे ग्वांग्जूनं एकदा आणि योनप्योंगनं दुसऱ्यांदा दाखवलं आहे. आता विशीत असलेल्या मुलांनी या साखळ्या पाहिल्या आहेत. हा राग झेंडे जाळण्यात जायचा नसेल, तर अध्यक्ष ली जे-म्युंग यांच्या सरकारनं युद्धकाळातली कमान परत घेण्याची बोलणी चालू असतानाच १९६६ चा करारही टेबलावर ठेवावा: परत मिळणाऱ्या प्रत्येक तळाच्या मातीची तपासणी आधी आणि जाहीर, सफाईचा खर्च वाटून, नवं काही बसवायचं तर त्या गावाचं म्हणणं आधी ऐकून. आणि या बोलण्यांना सोंगजू, दोंगदुचॉन, प्योंगटेक इथले लोक प्रतिनिधी म्हणून बसावेत.